‘हेरिटॅबिलिटी’साठी मराठी शब्द कोणता?

दादरकर : समाजशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक लेख मराठीत आणतो आहे. ‘शिक्षणात घालवलेल्या वर्षांची हेरिटॅबिलिटी सुमारे ४० टक्के’ या विधानात मी ‘आनुवंशिकता’ योजताच पहिल्या वाचकाने अर्थ लावला की माणसाच्या शिक्षणाचा ४० टक्के भाग आई-वडिलांच्या रक्तातून येतो. वास्तविक एखाद्या समूहात व्यक्तीव्यक्तींमध्ये जो फरक आढळतो, त्या फरकापैकी किती हिस्सा जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच हे गुणोत्तर सांगते. एकट्या माणसाविषयी ते काहीच सांगत नाही. नेमका शब्द सुचवावा.

मुलुंडच्या बाई : ‘आनुवंशिकता’ हा शब्द ‘हेरेडिटी’साठी आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकवला आहे, त्यामुळे तो येथे चालणार नाही. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ ल्युआन्टिन यांचे उदाहरण पाहा. एकाच पोत्यातले मिश्र बियाणे दोन वाफ्यांत पेरले, एक वाफा सकस आणि दुसरा निकृष्ट, तर प्रत्येक वाफ्यातल्या रोपांच्या उंचीतला फरक बियाण्याचा असतो, पण दोन वाफ्यांमधला फरक मात्र सर्वस्वी मातीचा असतो. ‘वारसनीयता’ कसा वाटतो?

गिरगावकर : ‘वारस’ अरबी, प्रत्यय संस्कृत, असला संकर शास्त्रीय परिभाषेत नको. त्याआधी ‘आनुवंशिक’ तरी शुद्ध लिहिले जावे. ‘अनुवंश’ला ‘इक’ लागल्यावर आद्य स्वराची वृद्धी होते, मधल्या ‘वं’ची नव्हे. तरीही वधू-वर सूचक मंडळांच्या अर्जांपासून दवाखान्यातल्या फलकांपर्यंत सर्वत्र ‘अनुवांशिक’ ठाण मांडून बसला आहे. ‘वंश’ म्हणजे मुळात वेळू. पेरामागून पेर वाढते तशी पिढी वाढते, हा सुंदर अर्थ त्यात आहे.

कालिनाकर : काका, वेळू सुंदर असला तरी ‘रेस’लाही आपण ‘वंश’च म्हणतो आणि ‘अँथ्रोपॉलॉजी’लाही ‘मानववंशशास्त्र’. ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती. ती उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाही, हे मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले. एवढ्या खटाटोपानंतर समाजशास्त्राच्या दारातून ‘वंश’ पुन्हा आत घेताना मला धास्ती वाटते. २०१३ मध्ये भारतीय उपखंडातील ७३ समूहांच्या जनुकीय अभ्यासातून सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी येथे व्यापक मिश्रण झाल्याचे आणि नंतर जातीअंतर्गत विवाह रूढ झाल्याचे अनुमान निघाले. जातीचा इतिहास लिहिणाऱ्याला हा पुरावा टाळता येत नाही, पण त्याच पुराव्याच्या बातम्यांत ‘वंशशुद्धी’ हा शब्द वाचावा लागतो.

मुलुंडच्या बाई : शिवाय ‘जे रक्तातून आले तेच जनुकीय’ हे समीकरणही डळमळले आहे. २०१८ मधल्या आइसलँडच्या अभ्यासात आई-वडिलांची जी जनुकरूपे (एकाच जनुकाचे वेगवेगळे प्रकार) मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध आढळला. म्हणजे ती घरच्या वातावरणातून काम करतात. त्याच वर्षी सुमारे ११ लाख लोकांच्या पाहणीतून १,२७१ जनुकीय स्थाने शिक्षणाशी निगडित निघाली. त्यांचा एकत्रित परिणाम मोजणाऱ्या गुणांकांनी शिक्षणातल्या फरकाचा ११ ते १३ टक्के हिस्साच उलगडला, आणि तोही युरोपीय मूळ असलेल्या लोकांत. म्हणून शब्दात ‘फरक’ असलाच पाहिजे. ‘जनुकीय फरकांश’ म्हणावे.

दादरकर : ‘फरकांश’ आशयाला सर्वांत जवळचा आहे.

गिरगावकर : ‘फरक’ही अरबीच! ‘व्हेरिअन्स’ म्हणजे विचरण, म्हणून ‘विचरणांश’ म्हणा.

कालिनाकर : मग ‘जिल्हाधिकारी’ काय शुद्ध आहे? ‘विचरणांश’ वाचून विद्यार्थी लेख मिटून ठेवील.

गिरगावकर : ‘जिल्हाधिकारी’ शासनव्यवहाराच्या रेट्याने रुळला, ‘फरकांशा’मागे कोणता रेटा आहे? आणि ‘अनुवांशिक’विषयी अद्याप कोणी बोललेले नाही.

मुलुंडच्या बाई : तो आता इतका रुळला आहे की अशुद्ध म्हणून त्यावर गुण कापणे मी निवृत्तीपूर्वीच सोडले होते.

गिरगावकर : म्हणूनच तो रुळला, बाई.