डोक्याचं काम आणि झेपणारा वेग: तुमचे अनुभव लिहा

कारखान्यातल्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच करारात आली. तिथं पाळी संपली की यंत्र आपल्यामागं येत नाही. आपलं यंत्र खांद्यावरच असतं, अंघोळ करतानाही चालू. म्हणून हा धागा. कोड, लेखन, संशोधन, हिशेब, काहीही करत असाल. दमछाक कमी व्हावी म्हणून कामातच काय बदललंत, वरच्यांना काय सांगितलंत, काय फसलं, ते लिहा. ‘लवकर झोपा, फिरायला जा’ हे सगळ्यांना माहीत आहे, ते कृपया नको.

सुरुवात मीच करते. सॉफ्टवेअर. आमच्या टीममध्ये प्रत्येकाच्या नावावर चार-पाच तिकिटं (म्हणजे नोंदवलेली कामं) उघडी असायची आणि रोजच्या स्टॅण्डअपला, म्हणजे कामाच्या छोट्या आढावा बैठकीला, सगळ्यांचं उत्तर एकच, ‘चालू आहे’. आम्ही नियम लावला: एकाच्या हातात जास्तीत जास्त दोन. तिसरं घ्यायचं तर आधीचं एक संपवा, नाहीतर दुसऱ्याचं अडलेलं सोडवायला बसा. तासांना हातच लावला नाही. मॅनेजरना सुरुवातीला वाटायचं, लोक रिकामे बसलेत. त्यांना पटवायला लिट्लचा नियम उपयोगी पडला. जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता मांडली: उघड्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं येण्याचा दर गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. कामं हातावेगळी होण्याचा दर तोच ठेवून उघडी कामं निम्मी केली, तर प्रत्येक काम निम्म्या वेळात बाहेर पडतं. हे फळ्यावर लिहून दाखवल्यावर वाद मिटला. घरी जायची वेळ फारशी बदलली नाही, पण घरी जाताना डोक्यात पाच अर्धवट गोष्टी नसतात.

—

मी अनुवाद करते, स्वतंत्रपणे. नवा मजकूर फक्त सकाळी. दुपारनंतर तपासणी, तळटिपा, बिलं, पत्रव्यवहार. दुपारी अनुवाद करून पाहिला तर दुसऱ्या दिवशी त्यातला बराचसा पुन्हा लिहावा लागतो, मग मिळवलं काय? दुसरी गोष्ट पैशांची. तातडीच्या कामाचा दर वेगळा लावला आणि तो आधीच कळवायला लागले. गंमत म्हणजे ‘उद्याच हवं’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना पुढचा आठवडाही चालतो, हे तेव्हा समजलं.

—

माझं मत जरा उलटं. मी ऑडिटमध्ये, नोकरीची सुरुवातीची वर्षं. वर्षअखेर आली की वेग आमच्या हातात नसतोच, आणि ‘दोनच कामं घेईन’ हे ज्युनिअरनं म्हणून बघावं! वरचे दोन्ही अनुभव ज्यांना ‘नाही’ म्हणता येतं त्यांचे आहेत. मला एकच जमलंय: सीनियर नवं काम देतात तेव्हा आधीची यादी त्यांच्यापुढे ठेवून विचारतो, ‘यातलं मागं कोणतं सारू?’ कधी उत्तर मिळतं, कधी ‘सगळंच महत्त्वाचं आहे’ असं ऐकावं लागतं.

—

ऑडिटवाल्यांशी सहमत. मी संशोधनात आहे. आमच्याकडे आंरी प्वांकारे या गणितज्ञांचं उदाहरण फार देतात: सकाळी १० ते १२, संध्याकाळी ५ ते ७, एवढंच नेमानं काम. खरंय. पण शिकवणं, अर्ज, समित्या आणि घरकाम धरून कुणाला फक्त चार तास उरतात, आणि कुणाला चार तास पुरतात, यात फरक आहे. तरी विचारांचं काम चार तासांपलीकडे ताणलं की मी नुसती फायली इकडच्या तिकडे करते, एवढं मात्र मान्य.

—

मॅनेजर बोलतोय, शिव्या बेतानं द्या. लिट्लच्या नियमाला जोडून रांगेचंच आणखी एक गणित. एकच माणूस, कामं अनियमित येणारी, असं साधं प्रारूप घ्या. तो ८० टक्के गुंतलेला असेल तर काम आत येऊन बाहेर पडायला प्रत्यक्ष कामाच्या पाचपट वेळ जातो. ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट. म्हणजे सगळ्यांचं कॅलेंडर गच्च भरणं ही उशिराची हमी. मी टीमचं नियोजन मुद्दाम तीन-चतुर्थांशच करायला लागलो. कामं वेळेवर जाऊ लागली, अचानक आलेल्या तक्रारींना माणूस मिळू लागला. मग वरच्यांना ती मोकळी जागा दिसली आणि तिथं एक नवा प्रोजेक्ट येऊन बसला. आता मी त्या जागेला ‘देखभाल’ असं नाव देऊन तक्त्यात रंगवून ठेवतो. नाव दिलेली जागा सहसा कुणी उचलत नाही. ओव्हरटाइमचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटनेचा २०२१ चा अभ्यास वरिष्ठांना पाठवलाय: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त. पोच आली, उत्तर नाही.

—

मी आठवड्याला चार दिवस काम घेतलं, पगार त्या प्रमाणात कमी. संपादनाचं काम. दिवस कमी झाला, पानं तेवढीच राहिली. पाचव्या दिवसाचं काम चार संध्याकाळी वाटून गेलं, म्हणजे पगारकपात करून ओव्हरटाइम. करार पुन्हा करताना मी दिवसांबद्दल बोललेच नाही. कोणती नियतकालिकं माझ्याकडून जातील, कोणत्या बैठकांना मी नसेन, याची यादी लेखी मागितली. पगारकपातीवर एका बैठकीत सही झाली होती. या यादीवर सही व्हायला महिने गेले.

—

वरच्या संपादक ताई, त्या यादीचा ढाचा नावं काढून इथं टाकाल का? माझा करार पुढच्या महिन्यात आहे.