पीएचक्यू-९ ची बेरीज म्हणजे निदान नव्हे: मराठवाड्यात डिप्रेशन जास्त शोधलं जातंय की कमी?

गोदाकाठ (धागाकर्ता):
आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म (आजारांची जोखीम तपासणारा सरकारी फॉर्म) भरतात. त्याच्या भाग ड मध्ये मनाबद्दल दोनच प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात गोडी वाटली नाही असे किती दिवस गेले, आणि उदास किंवा निराश किती दिवस वाटलं. बेरीज ३ च्या वर गेली की माणूस सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तिथे पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० आणि वर गेलं की 'मध्यम' डिप्रेशनचा शेरा. इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. ही बेरीजच निदान म्हणून केसपेपरवर चढते आणि त्याच दिवशी गोळी सुरू होते.

शिबिरांत तर पहिल्या दोन प्रश्नांची चाळणीही न लावता सरसकट नऊ प्रश्न विचारतात. जानेवारीत हरभऱ्याला पाणी देणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. शेतीची वीज रात्रीची, म्हणजे झोपेला ३. अंग आंबलेलं, थकव्याला ३. अवेळी जेवण आणि गालात तंबाखू, भुकेला २. लक्ष लागत नाही १, हालचाल मंदावली १. झाले १०. आणि 'गोडी वाटत नाही' आणि 'उदास वाटतं' या दोन मूळ लक्षणांना शून्य! निकषांप्रमाणे नवांपैकी पाच लक्षणं बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे हवीत आणि त्यांत या दोनपैकी एक असलंच पाहिजे. ते नसेल तर हे डिप्रेशन नाहीच.

आता हिशोब. १० हा उंबरठा धरला तर ही प्रश्नावली साधारण ८५% आजारी माणसं पकडते आणि ८५% निरोग्यांना बरोबर सोडते. हजार प्रौढांच्या गावात ५% म्हणजे ५० जणांना खरंच डिप्रेशन आहे असं समजा. त्यातले ४२-४३ सापडतील. उरलेल्या ९५० मधले १४२ जणही 'पॉझिटिव्ह' येतील. म्हणजे यादीतल्या पाचांपैकी जवळजवळ चौघांना तो आजार नाही. तीच प्रश्नावली मानसोपचार ओपीडीत लावा, जिथे निम्मे लोक खरंच आजारी असतात. तिथे पॉझिटिव्ह आलेल्या सातांपैकी सहा बरोबर निघतात. प्रश्न तेच, पण कोणाला विचारले यावर उत्तराची किंमत बदलते. माझं म्हणणं एवढंच की मुलाखत झाल्याशिवाय गोळी नको.

बालाघाट:
हिशोब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. तुमचा हरभऱ्याचा शेतकरी सीबॅकच्या दोन प्रश्नांतच गळाला असता. तो दोष शिबिर घेणाऱ्याचा आहे, प्रश्नावलीचा नाही.

दुसरं, चूक कुठल्या बाजूला झाली तर जास्त महागात पडते ते बघा. १४२ जणांना चुकून बोलावलं तर नुकसान काय? वीस मिनिटांची विचारपूस. ५० मधले सात-आठ सुटले तर? निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात डिप्रेशन असलेल्यांपैकी सुमारे ८५% लोक उपचाराबाहेर होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे तो आकडा मराठवाड्याचा म्हणून वाचता येत नाही. पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायला काही आधार दिसत नाही. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी अशी मेडिकल कॉलेजं सोडली तर पाटोदा किंवा सेनगावच्या माणसाने मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा कुठे?

तिसरं, आणि मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हे. "दुष्काळ आहे, कर्ज आहे, मग उदास वाटणारच" असं म्हणत खरे रुग्ण घरी पाठवले जातात. कारण दिसतंय म्हणून आजार नाही, असं होत नाही. पाय घसरून हाड मोडलं तरी प्लास्टर घालतोच ना? डीएसएम-५ ने (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) २०१३ मध्ये जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या उदासीला डिप्रेशन न म्हणायची सूटही याच विचाराने काढली. कर्जापायी सुरू झालेलं डिप्रेशन कर्ज फिटल्यावर आपोआप जाईल, याचा भरवसा नाही.

गोदाकाठ:
वीस मिनिटांची विचारपूस झाली तर नुकसान नाही, हे मान्य. पण ती होत नाही, म्हणून तर धागा काढला. आणि कारणाचं म्हणाल तर मी कारण बघून आजार नाकारत नाही, मी वेळ आणि खोली बघा म्हणतोय. पाहुणे आले, नातू मांडीवर बसला, बाजारात भाव बरा मिळाला तर चेहरा खुलतो का? ताण आल्यावर महिनाभरात सुरू झालं आणि ताण सरला की सहा महिन्यांत निवळतं का? मग तो बहुधा समायोजनाचा त्रास. त्याला आधी सोबत, झोपेची घडी आणि कर्जाच्या कागदांसाठी मदत लागते. डब्ल्यूएचओची एमएचगॅप मार्गदर्शिकाही सौम्य डिप्रेशनला पहिल्या झटक्यात गोळी देऊ नका असंच सांगते.

प्रमाणाचे आकडेही असेच फुगतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला, तिथे सुरुवातीला पीएचक्यू-९ वर डिप्रेशन १४.६% आलं. राष्ट्रीय सर्वेक्षणात ठरीव मुलाखत घेऊन चालू डिप्रेशन २.७% निघालं. विदर्भातला ताण जास्त धरला तरी एवढी दरी एकट्या ताणाने पडत नाही, मोजपट्टीच वेगळी आहे. आणि आपल्याकडे "मराठवाड्यात दर सातावा माणूस डिप्रेशनमध्ये" अशा बातम्या करताना हा फरक कोणी सांगत नाही.

बालाघाट:
'विश्राम'चा दुसरा आकडा तुम्ही सोडलात. मदतीपर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३% वरून २७.२% झालं, आणि ते गावातल्याच कार्यकर्त्यांच्या जोरावर. मोजपट्टी सैल होती तरी काम झालं.

निळाई:
दोघांचं भांडण डिप्रेशन जास्त की कमी यावर चाललंय. मला वाटतं, सगळ्यांत घातक चुकीकडे कोणाचंच लक्ष नाही. उदास म्हणून आलेल्यांत काही जण बायपोलर असतात (कधी उदासी, कधी उन्माद असा आजार) आणि पीएचक्यू-९ मध्ये ते ओळखायचा एकही प्रश्न नाही. टाइप १ बायपोलरमध्ये सुद्धा माणूस उन्मादापेक्षा साधारण तिप्पट काळ उदासीत असतो. साहजिकच दवाखान्यात येतो तो उदास असतानाच. चढत्या काळात त्याला झकास वाटत असतं, त्याची तक्रार तो कशाला करील? त्याला नुसती एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी दिली तर काहींचा पारा एकदम चढतो, झोप उडते, चिडचिड वाढते. मग "गोळी सोसली नाही" म्हणून औषधही बंद, दवाखानाही बंद.

आणि सीबॅक तिसाव्या वर्षी सुरू होतो! हा आजार बहुतेकांना विशीच्या आसपास धरतो. चाळणी लागेपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात.

गोळी लिहायच्या आधी माणसाला, आणि त्याच्यासमोरच घरच्यांनाही, हे विचारा: "कधी सलग चार-आठ दिवस असे गेले का, की रात्री दोन-तीन तासच झोप, तरी थकवा नाही? बोलणं थांबेना, डोक्यात विचार पळतायत, एका दिवसात चार सौदे, ऐपतीबाहेर उधारी, भांडणं? आणि हे नेहमीच्या स्वभावाहून वेगळं आहे असं घरच्यांना वाटलं का?" चार दिवस असेल तर हायपोमेनिया (सौम्य उन्माद), आठवडाभर किंवा भरती करायची वेळ आली तर मेनिया (पूर्ण उन्माद). याशिवाय पंचविशीच्या आत पहिली उदासी, बाळंतपणानंतर लगेच सुरुवात, आई-वडील किंवा भावंडांत बायपोलर, उदासीत भास होणं, यातलं काही असलं तर थांबा आणि तज्ज्ञाला फोन करा. "अंगात येतं" असं घरच्यांनी सांगितलं तर त्यावरून निदान करू नका, पण त्या दिवसांत झोप किती होती एवढं जरूर विचारा.

मांजराकाठ:
ताई, इशारा रास्त आहे, पण तराजू दुसऱ्या बाजूला झुकवू नका. 'मूड स्विंग' म्हटलं की बायपोलर, हेही सर्रास चाललंय. झिमरमन यांच्या २००८ च्या अभ्यासात आधी बायपोलरचं निदान मिळालेल्या १४५ रुग्णांची नीट मुलाखत घेतली, तेव्हा निम्म्याहूनही कमी लोकांत ते टिकलं. दिवसातून तीनदा मूड बदलणं हा बायपोलर नव्हे. दारू चढल्यावरची बडबड आणि खर्च हा मेनिया नव्हे. रोज पिणाऱ्याची उदासी तर दारू सुटून तीन-चार आठवडे होईपर्यंत पक्की ठरवताच येत नाही. तोपर्यंत नुसतं लक्ष ठेवायचं, आणि दारू एकदम तोडल्यावर थरथर, घाम, फिट येऊ शकते म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची.

या चुकीची किंमत बायका मोजतात. बायपोलरचा शिक्का बसला की व्हॅलप्रोएट हे मूड स्थिर ठेवणारं औषध हाताशी असतं. गरोदरपणात ते चालू राहिलं तर साधारण दहापैकी एका बाळात मोठा जन्मदोष, शिवाय मुलांच्या बुद्धीवर परिणाम. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते लिहिण्याआधी पाळी आणि कुटुंबनियोजन विचारलंच पाहिजे.

निळाई:
व्हॅलप्रोएटचं शंभर टक्के खरं. म्हणूनच निदान पक्कं असेल तिथे मी लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाचा आग्रह धरते. तेही सांभाळूनच, कारण आपल्याकडचा उन्हाळा. रक्तातली पातळी ०.६ ते १.० मध्ये ठेवायची, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, डोस बदलला तर पाच-सात दिवसांनी पुन्हा. मेमध्ये परभणीत पारा ४३ च्या पुढे जातो. घाम, जुलाब, कडक उपास, पाणी कमी, की पातळी वर चढते. त्यात अंग दुखतं म्हणून गावातल्या डॉक्टरने डायक्लोफेनॅक दिलं की आणखी वर. हात जोरात कापणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या, बोबडं बोलणं दिसलं तर पुढची गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). हे रुग्णाच्या फाईलवर मराठीत लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

पानगळ:
रक्ताच्या तपासणीचं कोणी बोललंच नाही. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला थकवा, धाप, गळाठा येणारच. टीएसएच, बी-१२, साखर बघितल्याशिवाय डिप्रेशन म्हणूच नये. बीडच्या ऊसतोड बायकांत तर गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण भयंकर आहे: २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१. बिजांडंही काढली असतील तर पस्तिशीतच पाळी गेल्याची लक्षणं सुरू होतात. वाफा, रात्रीचा घाम, तुटक झोप, चिडचिड. 'ऑपरेशन कधी झालं आणि काय काढलं' हा प्रश्न नऊ प्रश्नांच्या आधी हवा.

बालाघाट:
ऑपरेशनच्या प्रश्नाला पूर्ण पाठिंबा. "तपासल्याशिवाय म्हणूच नये" याला विरोध. टीएसएच ६ आला की थायरॉइडची गोळी सुरू होते आणि डिप्रेशन तसंच पडून राहतं. १० च्या आतला टीएसएच सहसा एवढ्या उदासीचं कारण नसतो. हिमोग्लोबिन ७ आणि डिप्रेशन एकाच बाईला असू शकतं, दोन्हींवर एकदम उपचार करा. रिपोर्टसाठी तालुक्याला पाठवलेली बाई परत येत नाही, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळीबरोबर निघून जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असते. निघण्याआधी औषधाची तारीख लावा आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहा, म्हणजे कोल्हापूरकडेही मिळेल.

आणि गोळीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी आज गावात काय चालतं ते बघा. "जीव घाबरा होतो, हातपाय गळाले" म्हटलं की सलाईन, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन आणि अल्प्राझोलाम. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत) आहे, तरी ओळखीवर मिळते. तिने झोप येते, डिप्रेशन जात नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत ती सुटत नाही. त्यापेक्षा नीट दिलेली एस्सिटालोप्राम बरी: ५ मिलिग्रॅमने सुरुवात, आठवड्याने १०. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थपणा, गुण यायला दोन ते चार आठवडे, बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पाचव्या दिवशीच गोळी फेकून देतो.

मांजराकाठ:
गोळीइतकंच बोलण्याचं कामही मांडा. गोव्यात शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी १४ च्या वर गुण असलेल्यांची सहा ते आठ सत्रं घेतली. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी ६४% लोकांचं डिप्रेशन उतरलं होतं, नेहमीच्या उपचारावर ३९% लोकांचं. सत्रात करायचं काय? सुटलेली कामं लिहून काढायची, त्यातलं एक छोटं काम दिवस-वेळ ठरवून करायचं, पुढच्या भेटीत काय अडलं ते विचारायचं. आपल्या आठही जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे. त्यातल्या समुपदेशकांना याचा नीट सराव दिला तर गोदाकाठ यांची वीस मिनिटं तिथेच सापडतील.

गोदाकाठ:
सराव द्या, माझी ना नाही. पण तो मिळेपर्यंत १० ते १४ गुणांवर गोळी नको, दोन आठवड्यांनी पुन्हा नऊ प्रश्न आणि निळाईताईंचे झोपेचे प्रश्न, या मताला मी चिकटून आहे. अपवाद एकच: नववा प्रश्न. मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार 'काही दिवस' असले, म्हणजे १ गुण असला, तरी एकूण बेरीज बघायचीच नाही. त्याच दिवशी सरळ विचारायचं, काही ठरवलंय का. विचारल्याने विचार वाढत नाहीत. घरच्या एका माणसाला सोबत ठेवायचं, फवारणीची औषधं शेजाऱ्याकडे कुलपात द्यायची, तिथूनच १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून माणसाच्या हातात द्यायचा.

बालाघाट:
नवव्या प्रश्नावर एकमत. १० ते १४ वर नाही. दोन आठवड्यांनी परत या म्हटलेल्यांतले किती परत येतात, ते प्रत्येक केंद्राने आपल्याच रजिस्टरवरून काढून इथे टाकावं. निम्मेही येत नसतील तर तुमची 'थांबून बघू' पद्धत मला मान्य नाही. अशा ठिकाणी वैद्यकीय अधिकाऱ्याने झोपेचे प्रश्न विचारून, बायपोलरची शंका नसेल तर, त्याच भेटीत उपचार सुरू करावा आणि दहाव्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन यावं.