अनुभव धागा : गुलाबी मेणबत्तीचा रविवार

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार. तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. गुलाबी लागते तिसऱ्या रविवारी. लॅटिनमध्ये त्याला ‘गाउदेते’ म्हणतात, म्हणजे ‘आनंद करा’. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ तेच हे. पुण्यात तुमच्याकडे हा आनंद कसा येतो, लिहा. नाताळच्या दिवसाचं नको, त्याच्या आधीचं.

गुरुवार पेठ
आमच्याकडे करंज्यांपासून. तिसऱ्या शनिवारी गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. सारण आई कोणाला करू देत नाही. सुकं खोबरं इतकं मंद भाजते की बाकीच्यांचा जीव जातो. मी कातण फिरवते. एखादी करंजी तेलात फुटली की सगळ्या एकदम माझ्याकडे बघतात. शेजारच्या काकू पहाटेच हजर, कारण दिवाळीत आई त्यांच्याकडे चकल्या पाडायला असते. याच पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा झाला आणि तिथे गेलेल्या टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग आधी चहा टाक.”

वडगाव शेरी
तरुण संघाबरोबर नाताळगीतं गात घरोघरी फिरतो. पेटी, तबला, झांजा, आणि थंडीत हमखास उतरणारा तबला. एका सोसायटीच्या गेटवर वॉचमननी वही पुढे केली. ‘कोणाकडे’? लिहिलं, सगळ्यांकडे. ‘काम’? गाणे. त्यांनी वाचलं, गेट उघडलं आणि म्हणाले, “बी विंगमध्ये जरा हळू, लहान बाळ आहे.” बी विंगमध्ये नुसती पेटी वाजली.

नाना पेठ
वडील गेले त्या वर्षी मी काहीच आणलं नव्हतं. मुलगी ऐकेना. शिवाजी मार्केटच्या आसपास हिंडलो, गुलाबी मेणबत्ती कुठेच नाही. शेवटी घरातली पांढरी, वीज गेल्यावर लावायची, तिनं तेलखडूनं रंगवली. पेटवल्यावर रंग सुटला आणि स्टीलच्या ताटलीत गुलाबी ओघळ जमले. ताटली वडिलांची, नाव कोरलेली. मी ती अजून नीट घासलेली नाही.

खडकी
२०२३ आठवतंय? चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला. सकाळी चौथी मेणबत्ती, रात्री लगेच मधली पांढरी, नाताळची. एक अख्खा आठवडा गेला हातचा. शंकरपाळ्या कशाबशा झाल्या. चकल्या दुकानातून आणून घरच्या डब्यात भरल्या. सासूबाईंनी चारचौघांत तोंडभरून कौतुक केलं. अजून सांगितलेलं नाही.