ट्रॉलर किनाऱ्याला लागला तर उडी मारायची की वरच थांबायचं?

खाडीकाठ:
माझा भाचा यंदा पहिल्यांदाच ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागलाय, ऑगस्टमध्ये बंदी उठली तसा गेलाच, आणि परवा आमच्या शेजारच्या गावात एका ट्रॉलरच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलं, इंजिन बंद, वाऱ्याने ढकलत ढकलत थेट वाळूत आणून बसवला. सगळे वाचले देवाच्या कृपेने, पण एकाने मध्येच उडी मारली त्याला लाटेने पार लोळवलं, पोरांनी कसाबसा ओढून काढला. किनारा समोर दिसतोय तर माणूस थांबणार कसा? भाच्याला काय सांगून ठेवू?

दर्या_राजा:
बोट फुटत नाही तोवर वरच थांबायचं. लाट फुटते त्या पट्ट्यातच माणूस जातो, पट्टीचा पोहणारा असला तरी. जुलै २०२४ ला अलिबागला कुलाबा किल्ल्याजवळ बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) अडकली होती, त्यातल्या १४ जणांना कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरने उचललं. इंजिन बंद पडलं की पहिलं लाइफ जॅकेट, मग १५५४ कोस्ट गार्ड, १०९३ सागरी पोलीस. रेंज नसेल तर व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, १६ नंबर चॅनेल. नंबर आजच सेव्ह करून दे त्याला.

नाखवा_मिऱ्या:
वरचं बरोबर, पण त्याच्याही आधी नांगर! तांडेल (बोट चालवणारा) इंजिनशी झटत बसतो आणि तोवर बोट उथळात येते. नांगर लगेच टाकायचा, दोर भरपूर सोडायचा म्हणजे तोंड लाटेकडे राहतं, आडवी झाली की पाणी आत घेते. आणि लागलीच किनाऱ्याला तर रिकाम्या डिझेलच्या कॅनला बारीक दोरी बांधून सोडायची, लाट आपोआप किनाऱ्यावर नेते, लोकांनी पकडली की तिच्या मागून जाड दोर द्यायचा. आम्ही असेच खलाशी काढलेत.

खाडीकाठ:
खूप आभार दोघांचे, भाच्याला सगळं पाठवलं. तो ट्रॉलर अजून तिथेच आहे, पौर्णिमेच्या भरतीला चढलाय, मालक बिचारा रडकुंडीला आलाय. निघेल ना?

नाखवा_मिऱ्या:
उधाणाला (मोठ्या भरतीला) बसलाय म्हणजे भांगाच्या, म्हणजे मधल्या दिवसांतल्या लहान भरतीला पाणी तिथवर पोचणार नाही, अमावास्येच्या उधाणापर्यंत थांबावं लागेल. जेसीबी लावून आडवा ओढू देऊ नका, फळ्या सुटतात. डिझेल, बर्फ, जाळी उतरवून हलका करा, ओहोटीला समुद्राच्या बाजूला नांगर रोवून ठेवा म्हणजे अजून वर चढणार नाही. आणि विम्यासाठी पंचनामा आधी, सामानाला हात नंतर.