वाचक थकले आहेत, सदरात काय लिहावे? (सल्ला हवा)

काठावरची
सांगलीतून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी गेली नऊ वर्षे सदर लिहिते. २०१९ चा महापूर, मग करोना, मग २०२१ चा पूर अशा क्रमाने माझे विषय ठरत गेले आणि पंचनामे, नुकसानभरपाई व मृत्युलेख यांपलीकडे मी फारशी गेले नाही, हे मला मान्य आहे. गेल्या आठवड्यात मंडईत एका ओळखीच्या बाईंनी सरळ सांगितले, "बाई, तुमचा फोटो दिसला की मी पान उलटते. घरात काय कमी कटकटी आहेत?" संपादकही म्हणतात की काहीतरी हलके द्या, मात्र हलके म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही. जूनपासून नवा विषय सुरू करायचा आहे. मर्यादा अशी की लेख ४०० शब्दांचा, हाताशी आठवड्यातली एक संध्याकाळ आणि मानधन लेखाला ३०० रुपये. म्हणजे प्रवासखर्च शून्य धरावा. काय लिहावे?

ठाण्याचा_भटक्या
प्रवासवर्णन, दुसरा विचारच करू नका. मी स्पितीत बावीस दिवस राहिलो आणि परतल्यावर अठरा भागांची मालिका लिहिली; प्रत्येक भाग दोन हजार शब्दांच्या आसपास होता आणि तरीही लोक पुढच्या भागाची वाट पाहत होते. थकलेल्या माणसाला दुसरा प्रदेश दाखवावा लागतो. नीट आखणी केली तर दीड लाखाच्या आत सगळे बसते.

सदाशिवसुत
संपादक "हलके" म्हणतात तेव्हा त्यांना विनोद हवा असतो, आणि तिथेच सावध राहावे, असा माझा अनुभव आहे. आमच्या सोसायटीतील वाहनतळाच्या भांडणावर मी एक निरुपद्रवी लेख लिहिला होता. नावे बदलली होती, परंतु स्कूटरचा रंग बदलायचे राहून गेले. त्या गोष्टीला चार वर्षे झाली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अद्याप जिन्यात भेटले की भिंतीकडे पाहतात. सांगलीसारख्या गावात तर अर्धे वाचक लेखिकेला ओळखत असतील. तेव्हा विनोद करायचाच असेल तर स्वतःवर करावा.

जुनी_पाने
वाचकांना काय रुचते याची इतकी चिंता करण्याचे कारण मला समजत नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहिली, ती वाचकांचे मन रमवण्यासाठी निश्चितच नव्हती. आळस, अज्ञान, जुन्या समजुती हेच विषय त्यांनी पुन्हा पुन्हा घेतले, तेही छोट्या पत्रांतून. शंभर पत्रे त्यांनी अशीच लिहिली. आपणही लिहीत राहावे.

शुद्धिपत्र
पत्रे शंभर नव्हेत, एकशे आठ. 'शतपत्रे' या नावामुळे हा घोटाळा नेहमी होतो.

जुनी_पाने
एकशे आठ हे मलाही ठाऊक आहे. मी ढोबळमानाने लिहिले. मुद्दा संख्येचा नव्हता.

शुद्धिपत्र
मुद्दा संख्येचा नसेल तर संख्या देऊ नये. शिवाय त्या साप्ताहिकाला भाऊ महाजनांसारखा संपादक होता, ज्याने असे लेखन छापले. या ताईंचे संपादक "हलके द्या" म्हणत आहेत, हा फरक आपण लक्षात घेतलेला नाही.

हरिपूरचा_हळदवाला
ताई, लांब कशाला जाता? आमच्या हरिपूरच्या पेवांवर लिहा. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. तोंड बंद केले की आत हवा जात नाही आणि कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो, हे आम्हाला लहानपणीच बजावले जात असे. आमच्या आजोबांची पेवे होती. २००५ च्या पुरात बहुतेक पेवांत पाणी शिरले आणि तो व्यवहारच मोडला. आता हळद गोदामात जाते. विषय हलका आहे, आपल्या मातीतला आहे आणि रिक्षाने या, चहा माझ्याकडे.

सदाशिवसुत
म्हणजे पूर मागच्या दाराने आलाच.

हरिपूरचा_हळदवाला
कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या गावाचा इतिहास पूर वगळून कसा सांगायचा, ते आपणच सांगावे.

दूरदेशी_मेलबर्न
मी मूळची विश्रामबागची. आम्हा परदेशातील वाचकांना बातम्या नकोतच, आठवणी हव्यात. भडंगावर लिहा! कुरमुरे कसे निवडावेत, लसूण किती तळावा, मसाला कोणाचा. इथे मी स्वतः करते आणि सगळे म्हणतात की अगदी सांगलीची चव आहे. शिवाय वर सुचवल्याप्रमाणे प्रवासवर्णनही उत्तम.

कात्रीवाली
मी एकवीस वर्षे वृत्तपत्रात उपसंपादक होते. इतरांच्या लेखांच्या शेपट्या कापणे हेच माझे काम होते, म्हणून एक वेगळी गोष्ट सुचवते. नवा विषय शोधण्याआधी आपण आपले शेवटचे चाळीस लेख काढावेत आणि प्रत्येकाचे केवळ शेवटचे वाक्य एका कागदावर उतरवावे. आमच्याकडे येणाऱ्या दहा लेखांपैकी सहा-सात लेख "याकडे गांभीर्याने पाहण्याची गरज आहे", "संबंधितांनी लक्ष द्यावे" किंवा "आपण अंतर्मुख होणार का?" येथे संपत असत. वाचक त्याला थकतो. त्याला पुराचा कंटाळा नसतो. पूर ओसरल्यावर दर आठवड्याला आपल्याच पदरात एक कर्तव्य टाकले जाते, त्याचा असतो. भडंगावरचा लेखसुद्धा "ही परंपरा जपण्याची गरज आहे" असा संपवता येतो, आणि बहुधा तो तसाच संपवला जातो.

ठाण्याचा_भटक्या
स्पितीच्या मालिकेत मी एकही उपदेश केलेला नाही.

कोल्हापूरकर_७२
पुरावर लिहायचेच असेल तर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर लिहा. सगळ्याचे मूळ तिथे आहे.

शुद्धिपत्र
पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने तसे म्हटलेले नाही.

कोल्हापूरकर_७२
समितीच्या अंगणात पाणी आले नव्हते. आमच्या आले होते.

काठावरची
अलमट्टीचा वाद येथे नको, अशी विनंती आहे. माझ्या सदरातून वाचकांना पळवून लावण्यात त्या वादाचाही वाटा आहे.

कात्रीवाली ताई, काल रात्री चाळीस वाक्ये उतरवली. सव्वीस लेख "गरज आहे" येथे संपले, सहा प्रश्नचिन्हावर, आणि एक चक्क "देव जाणे" येथे. तो एकटाच मला पुन्हा वाचावासा वाटला.

सर्वांचे सल्ले वाचले आणि सर्वांची क्षमा मागून सांगते की मी पाण्यावरच लिहिणार आहे. कारण असे. मंडईतल्या ज्या बाईंनी मला पान उलटल्याचे सांगितले, त्यांनीच जुलै २०२१ मध्ये रात्री अकरा वाजता फोन करून विचारले होते की कोयनेतून पन्नास हजार सोडले म्हणजे आमच्या गल्लीत येणार का? मला उत्तर देता आले नव्हते. त्या वर्षी पुरावर मी किती लेख लिहिले होते, हे येथे सांगत नाही. जूनपासून दर आठवड्याला एकच आकडा घेणार: क्युसेक म्हणजे काय, टीएमसी म्हणजे किती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी सांगणारे फूट कोठून मोजतात. पूल घराजवळच आहे, त्यामुळे प्रवासखर्चही नाही. हळदवाले दादा, पेवे दिवाळीनंतर नक्की. चहा राखून ठेवावा.

जुनी_पाने
म्हणजे मी जे सांगितले तेच.

पाटबंधाऱ्यातला
मी या खात्यातून निवृत्त झालो असल्याने दोन गोष्टी सांगतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पहिला वेग आहे, दुसरा साठा, आणि वर्तमानपत्रे दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात, म्हणून लोक घाबरतात. ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो. त्या हिशेबाने पन्नास हजार क्युसेक म्हणजे दिवसाला सव्वाचार टीएमसीहून थोडे अधिक, आणि कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे. परंतु त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावरून मिळत नाही. वारणा त्याच वेळी किती आणते आहे आणि धरणाखालच्या भागात पाऊस किती पडतो आहे, हे पाहावे लागते. धरणातून थेंबही न सोडता नदी वाढू शकते. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. गल्लीसाठी हेच आकडे कामाचे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते.

काठावरची
यातच तीन लेख झाले. ११,५७४ ऐवजी "सुमारे साडेअकरा हजार" लिहिले तर चालेल का?

पाटबंधाऱ्यातला
चालेल. शुद्धिपत्रांना मात्र विचारून घ्यावे.

दूरदेशी_मेलबर्न
भडंगाचे काय ठरले?