मदत हवी आहे: शेजारच्या आजींची दोन जुनी रिव्हॉल्व्हरं, वाजवी भाव कसा काढू?

मंडळी नमस्कार,

पिट्सबर्गजवळ राहतो. शेजारच्या आजी ८४ वर्षांच्या आहेत. आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले, आता आजी मुलीकडे राहायला चालल्या आहेत. घर आवरताना कपाटाच्या वरच्या फळीवर सिगारचा लाकडी डबा सापडला. त्यात लोकरी मोज्यांत गुंडाळलेली दोन रिव्हॉल्व्हरं होती. आजोबांबरोबर गॅरेजमध्ये बसून मी याच विषयावर तासन् तास बोललोय, म्हणून आजींनी आधी मला हाक मारली. म्हणाल्या, "तूच ने, योग्य वाटेल ते दे."

कायद्याचं आधी सांगून टाकतो. माझं ग्रीन कार्ड आहे आणि पेनसिल्व्हेनियात अशी खरेदी परवानाधारक दुकानदारामार्फत किंवा शेरीफच्या कार्यालयातूनच करावी लागते, तशीच करणार आहे. अडलंय ते फक्त भावावर. आजींना एक डॉलरही कमी जाऊ नये असं मनापासून वाटतं. पण दोन मुलांची फी भरणारा माणूस आहे, भलतेच पैसे मोजणंही परवडणार नाही.

पहिलं स्मिथ अँड वेसनचं 'व्हिक्टरी मॉडेल', दुसऱ्या महायुद्धातलं. मुठीच्या बुडाशी दोरी अडकवायची कडी आणि तिच्याजवळ नंबराआधी 'व्ही' हे अक्षर. नळी चार इंची, तिच्यावर '.३८ स्पेशल' या काडतुसाच्या नावाचा छाप. रंग राखाडी, खरखरीत, जराही चमक नाही. युद्धकाळात पॉलिशवर वेळ घालवत नसत, त्यामुळे हा रंग मूळचाच वाटतो. आजींना विचारून मुठीचा स्क्रू काढला. उजव्या लाकडाच्या आत तेलाचा काळा थर होता. कापडानं हलकेच पुसला तर खाली तोच नंबर उमटलेला! सिलिंडरच्या (गोळ्या बसतात त्या फिरत्या भागाच्या) मागच्या बाजूला आणि नळीच्या खालीही तोच आहे, म्हणजे हे भाग मूळचेच. त्या क्षणी फार आनंद झाला.

कोडं असं, की सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर अमेरिकन सरकारच्या मालकीचा शिक्का नाही. तो कोणी घासून काढला म्हणावं तर तशी खूण दिसत नाही, सगळीकडे एकसारखा रंग आहे. आजी म्हणतात, त्यांचे सासरे युद्धाच्या काळात पोलाद कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते आणि हे त्यांच्याकडूनच घरात आलं.

दुसरं कोल्टचं 'ऑफिशियल पोलीस', तेही .३८ स्पेशल. हे मॉडेल १९२७ पासून बरीच वर्षं निघत होतं. दिसायला आरशासारखं लखलखीत, आणि आजींना हेच जास्त किमती वाटतं. मला मात्र त्या लखलखाटाचीच शंका येते. डाव्या बाजूच्या उधळत्या घोड्याच्या (कोल्ट कंपनीच्या चिन्हाच्या) पायांच्या रेषा पुसट झाल्यात, अक्षरांच्या कडा गोलावल्यात, आणि स्क्रूच्या भोकांभोवती बोट फिरवलं तर बशीसारखा खळगा लागतो. म्हणजे कोणीतरी पॉलिशच्या चाकावर धरून नव्यानं ब्लूइंग, म्हणजे पोलादावर निळसर काळा रंग चढवण्याची प्रक्रिया, केलेलं दिसतंय. आजोबांनी हौसेनं करून घेतलं असावं. आजींना हे कसं सांगू तेच कळत नाही.

आता आकडे. गावातल्या एका दुकानदारानं दोन्हींचे मिळून ४०० डॉलर सांगितले. इंटरनेटवर एकानं तसंच व्हिक्टरी १,५०० ला लावलंय. संपलेले लिलाव पाहिले तर मला दिसलेली व्हिक्टरी साधारण ४५० ते ९०० मध्ये गेली आहेत, नवीन ब्लूइंगवाली कोल्ट ३५० ते ५०० मध्ये. एवढ्या मोठ्या फटीत आपला आकडा कुठे धरायचा? शिक्का नसल्यानं भाव पडतो का? आणि सासऱ्यांच्या गोष्टीचे पैसे धरायचे का?

फोटो जोडलेत. नंबराचे शेवटचे तीन आकडे झाकले आहेत.

जुनंपोलाद: फोटो नीट पाहिले. आधी शिक्क्याचं. सगळी व्हिक्टरी लष्करात गेली नाहीत. बरीच डिफेन्स सप्लाईज कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेमार्फत पोलीस खात्यांना आणि युद्धसामग्री बनवणाऱ्या कारखान्यांच्या पहारेकऱ्यांना मिळाली, आणि त्यांच्यावर मालकीचा शिक्का बहुधा नसतो. त्यामुळे आजींची गोष्ट वस्तूशी जुळते. पण गोष्टीचे पैसे कागद असेल तरच. स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे नंबर पाठवा. नोंद सापडली तर रिव्हॉल्व्हर कारखान्यातून कधी निघालं आणि कुठे रवाना झालं, ते पत्रावर लिहून देतात. त्यात पिट्सबर्गकडचा कारखाना निघाला तर ते नुसतं 'एक व्हिक्टरी' राहत नाही, संग्राहक त्यासाठी जास्त मोजतात.

नळीवर '.३८ स्पेशल' आहे म्हणता, ते चांगलं. पाच लाखांहून जास्त व्हिक्टरी ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांना गेली. त्यांची नळी बहुधा पाच इंची आणि काडतूस आखूड पण जाड. युद्धानंतर त्यांतली बरीच परत आली, सिलिंडर आतून कोरून .३८ स्पेशल बसेल अशी केली आणि स्वस्तात विकली. त्यांत आताचं बारीक काडतूस सैल बसतं, उडवल्यावर पुंगळी फुगते. तुमचं तसं दिसत नाही, पण दुकानदाराकडून सिलिंडर मापून घ्या.

कोल्टबद्दल तुमची नजर बरोबर आहे. नव्यानं ब्लूइंग झालं की संग्राहकाच्या लेखी किंमत ढोबळमानानं निम्मी धरा.

ओहायोवाली: भावाबद्दल माझं मत सांगते. १,५०० हा कोणीतरी मागितलेला आकडा आहे, तो सोडून द्या. संपलेल्या लिलावांत शिक्का नसलेली, सगळे नंबर जुळणारी, मूळ रंगाची अशी आठ-दहा काढा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त वगळून मधला आकडा धरा. लिलावगृहांचे आकडे बघताना पंधरा-वीस टक्के खरेदीदाराचं कमिशन त्यात धरलंय की नाही ते तपासा. ते पैसे विकणाऱ्याच्या हातात पडत नाहीत.

तुमच्या दुकानदारानं लबाडी केली असंही समजू नका. त्याला भाडं भरायचंय, माल सहा महिने पडून राहतो, तो निम्म्या भावाच्या आसपासच घेणार. तुम्हाला तो खर्च नाही, म्हणून तुम्ही त्याच्या भावानं घेऊ नये.

आणखी एक, राग मानू नका. तुम्ही घेणारे आहात, मग भाव तुम्हीच का काढताय? आजींच्या मुलीला सगळं कळवा, अगदी कोल्टच्या पॉलिशसकट. एखाद्या लिलावगृहाला फोटो पाठवून अंदाज त्यांनाच मागवू द्या. पत्राची फी मात्र तुम्ही भरा, आणि पत्र येईपर्यंत व्यवहार करू नका. उद्या कागदातून मोठं नाव निघालं तर तो फायदा आजींचा.

धागाकर्ता: राग कसला, ओहायोवाली ताई! हे मला आधीच सुचायला हवं होतं. काल रात्री मुलीला फोन केला, दुकानदाराच्या ४०० पासून १,५०० पर्यंत सगळे आकडे सांगितले. लिलावगृहाला ती स्वतःच लिहिते आहे. जुनंपोलाद, पत्राचा अर्ज भरला, फी मी दिली, पण पत्र आजींच्या नावानं मागवलंय.

कोल्टचं आजींना आज सकाळी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी ते माझ्या वाढदिवसाला चकचकीत करून आणलं होतं." तेव्हा कोल्ट विकायचं नाही असं ठरलं, ते मुलीकडे जाईल. व्हिक्टरीचा भाव पत्र आल्यावर. तोवर दोन्ही आजींकडेच आहेत. मोजे तेवढे काढून टाकले, लोकर ओल धरते. तेलाचं कापड गुंडाळून आलोय.