मदत हवी आहे : भाच्याला वडिलांच्या एकट्याच्या हाती देणं कसं टाळायचं?

नमस्कार. नाव-गाव लिहीत नाही, समजून घ्या. प्रश्न धाकट्या बहिणीचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलाचा आहे.

बहीण नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली आहे. मारहाण जुनीच. एकदा पोलिसांत गेली होती, तेव्हा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि त्याला समज देऊन सोडलं. शेवटच्या वेळी त्याने तिचा गळा दाबला. वळ फारसे उठले नाहीत म्हणून ती डॉक्टरकडेही गेली नाही. आता डीव्हीची (कौटुंबिक हिंसाचाराची) केस टाकली आहे. पुढच्या तारखेला त्याचा अर्ज सुनावणीला येतोय : दर रविवारी दिवसभर मुलगा त्याच्याकडे हवा, सोबत कोणी नको.

मुलावर त्याने कधी हात उगारलेला नाही, आणि जो तो हेच ऐकवतो. मध्यस्थी करणारे काका म्हणतात, "बायकोशी पटलं नाही म्हणून बाप काय पोराचा वैरी होतो? बागेत भेटू दे. चार लोकांत काय होणार आहे?" आईलाही ते पटू लागलंय.

पण बहिणीने घर सोडल्यापासून त्याचे फोन बदललेत. आधी शिव्या असायच्या. आता शांतपणे म्हणतो, "तुला हात लावणार नाही, पण जन्मभर रडशील." आणि त्याच दमात विचारतो, पोरगा कितीला झोपतो, शाळेतून कोण आणतं. मला हे शिव्यांपेक्षा भयंकर वाटतं. वकील म्हणतात, भेटीला विरोध केला तर कोर्टात आपणच आडमुठे दिसू. भेट कायमची बंद करा असं आमचं म्हणणं नाही. त्याच्या एकट्याच्या हाती मूल नको, एवढंच. हे मांडायचं कसं? की मी उगाच घाबरतेय?

प्रतिसाद (समुपदेशन केंद्रात काम करते)

ताई, उगाच नाही. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे : गळा दाबणं. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच जोडीदाराकडून खून होण्याचा धोका सुमारे सात पटींनी जास्त दिसला. वळ न उठणं तर नेहमीचंच. गिळताना त्रास, आवाज बसणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके, चक्कर यांपैकी काही झालं होतं का ते विचारा. आज उशीर झाला असला तरी सरकारी रुग्णालयात तपासून घ्या, एमएलसी (पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद) करायला सांगा.

दुसरं म्हणजे बाई घर सोडते तो काळच सगळ्यात धोक्याचा. माणसाच्या हातून ताबा सुटतो, आणि बायकोपर्यंत पोचता येत नसेल तर तिला दुखवायचा एकच रस्ता उरतो : मूल. "मुलावर हात उगारला नाही" हे अशा वेळी काही सिद्ध करत नाही. स्पेनमधल्या अँजेला गोन्सालेस कारेन्यो यांनी नवऱ्याविरुद्ध तीसहून जास्त तक्रारी केल्या होत्या, तरी कोर्टाने त्याला देखरेखीशिवाय भेटीची मुभा दिली. २००३ मध्ये अशाच एका भेटीत त्याने सात वर्षांच्या मुलीला मारलं आणि स्वतःलाही संपवलं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने स्पेन सरकारला जबाबदार धरलं.

आणि काकांच्या बागेविषयी : २०१४ मध्येच ऑस्ट्रेलियात रोझी बॅटी यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्या बापाने क्रिकेटच्या सरावाच्या मैदानावर मारलं. उघडं मैदान, आजूबाजूला माणसं. चार लोक असणं म्हणजे देखरेख नव्हे. देखरेख म्हणजे ज्याच्यावर ती जबाबदारी सोपवली आहे असा माणूस, पूर्ण वेळ, हाताच्या अंतरावर. काका स्वतः बसतो म्हणाले तरी नको, ते त्यालाच भिडेखातर "जा, आइस्क्रीम खाऊन या" म्हणतील.

प्रतिसाद (वकील)

तुमच्या वकिलांना २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २१ दाखवा. ताब्याचा तात्पुरता आदेश देताना मॅजिस्ट्रेट भेटीची व्यवस्था ठरवू शकतात, पण भेट मुलाच्या हिताला घातक ठरू शकते असं त्यांचं मत झालं तर ती नाकारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे विरोध करणं आडमुठेपणा नाही, कायद्यातच त्याची जागा आहे.

नुसता विरोध मात्र करू नका, पर्याय द्या : कोर्टाच्या आवारात, ठरलेल्या वेळी, नेमलेल्या व्यक्तीसमोर, तासाभराची भेट. मूल आणताना-नेताना नवरा-बायकोची गाठ पडणार नाही अशी वेळ मागा. कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज लगेच टाका, शपथपत्रावर एकतर्फी आदेशही मिळू शकतो. संरक्षण अधिकाऱ्यांकडून (याच कायद्याखाली नेमलेले अधिकारी) घटनेचा अहवाल करून घ्या, त्यात गळा दाबल्याचं आणि धमकीचं वाक्य शब्दशः येऊ द्या. "त्रास देतो" या दोन शब्दांत सगळं वाहून जातं.

फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आईला ऑस्ट्रेलियाचं वाचून दाखवलं, ती गप्प झाली. दोन गोष्टी राहिल्या. तो थेट शाळेत गेला तर? आणि फोनची रेकॉर्डिंग चालतात का?

प्रतिसाद (वकील)

आदेश हातात नसेल तर शाळा बापाला सहसा अडवत नाही. कलम १८ मध्ये पीडित मुलाच्या शाळेत जायला मनाई करता येते, म्हणून अर्जात मुलालाही अर्जदार करा. १८ चा आदेश मोडला तर कलम ३१ खाली गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे देऊन पोच घ्या. तोवर मुलाला घरचंच माणूस आणेल असं शाळेला लेखी कळवा. तो मुलाला घेऊन निघाला तर काकांना नाही, आधी ११२ ला फोन. मुलांसाठी १०९८, बहिणीसाठी १८१.

रेकॉर्डिंग चालतात. ज्या फोनवर झाली तो फोन विकू नका, रीसेट करू नका, मूळ फाइल कापू-जोडू नका. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करतील. आणि त्याच्याशी फोनवर वाद घालून आणखी काही वदवून घ्यायला जाऊ नका, आहे ते पुरेसं आहे.